टीडीएस टीडीएस काय करताय, थेंब मोजा!

परवा गीझरची कॉइल गेली. घर घेऊन पाच वर्षं झाली आणि ही तिसरी कॉइल. मेकॅनिकने जुनी काढून पेपरवर ठेवली तर आत कॉइल आहे हे दिसेचना, दोऱ्यावर खडीसाखर जमते ना तसा नुसता पांढरा दगड. वर हसत म्हणतो, "मॅडम, वाघोलीत आमचा धंदा पाण्यावरच चालतो." मला काही हसू आलं नाही, बिल माझं होतं.

माझं माहेर कोथरूड. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पाणी जड असतं हे शाळेच्या पुस्तकापुरतंच माहीत, सुफेन दुष्फेन पाठ करायचं आणि पेपरात लिहून मोकळं व्हायचं. धरणात सह्याद्रीतलं पावसाचं पाणी साठतं, त्यात क्षार कमीच. बोअरचं पाणी मात्र मातीतून, काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत मुरत खाली जातं आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेतं. वाघोली २०२१ ला पुणे महापालिकेत आली खरी (तेव्हा घेतलेल्या २३ गावांत), पण आमच्या सोसायटीचा कारभार अजून बोअर आणि टँकरवर आणि टँकरही बोअरवरच भरलेला.

आणि खरं सांगायचं तर पहिली तक्रार गीझरची नव्हतीच, डाळीची होती. आमच्या आईंनी (सासूबाई) तूरडाळ शिजत नाही म्हणून तीन किराणावाले बदलले, कुकर बदलला, शेवटी चिमूटभर सोडा घालायला लागल्या. डाळ शिजली, पण वरणाची चव गेली ती गेलीच. मग टॉवेल वाळल्यावर पापडासारखे, शॉवरची निम्मी भोकं बंद, पाण्याची धार थेट डोळ्यात, स्टीमची इस्त्री पांढऱ्या शर्टावर चुन्यासारखं काहीतरी ओकायला लागली, वॉशिंग मशीनमध्ये पावडर दुप्पट टाकली तरी फेस नाही. एकेक वस्तू सुटी सुटी बिघडत गेली म्हणून सगळ्यांचं मूळ एकच आहे हे कळायलाच दीड वर्ष गेलं, आणि कस्टमर केअरवाले प्रत्येक वेळी एवढंच ऐकवणार की पाण्यामुळे झालं असेल तर वॉरंटीत बसत नाही.

आता मुद्दा. आमच्या सोसायटीने वर्गणी काढून सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, बसवला. ऑपरेटर रोज रजिस्टरमध्ये टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा लिहितो, टीडीएस ८५०, टीडीएस ८४०, खाली सही. कमिटी खूश. आणि मी इकडे तिसरी कॉइल बदलतेय! म्हणून ऑनलाइन एक हार्डनेसचं, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचं, किट मागवलं. सोपं असतं, पाण्यात आधी एक रंग टाकायचा, पाणी वाइनसारखं लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्याला २६ थेंब लागले. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याला किती? २५!

म्हणजे मशीन नुसतं शोभेला उभं होतं. चौकशी केली तर त्यात मीठच टाकलेलं नाही, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना. सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात, मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते धुवावे लागतात, नाहीतर पाणी आलं तसं पुढे जातं. आणि यातली खरी गोम अशी की कॅल्शियम जाऊन सोडियम आलं तर टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मीठ टाका नाहीतर टाकू नका, रजिस्टरमध्ये आकडा ८५०च! तापाला वजनकाटा लावल्यासारखं आहे हे.

मीटिंगमध्ये हे सांगितलं तर एक काका म्हणाले, टाकीत तुरटी फिरवा. काका, तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार नाही जात. दुसरे म्हणाले घरात आरओ आहे की. आहे, पण तो प्यायच्या पाण्याला, गीझरला कोण आरओचं पाणी देतं?

थोडा हिशोब बघा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. ६०० धरला तरी दहा हजार लिटरच्या टँकरमागे सहा किलो खडू (कॅल्शियम कार्बोनेट, हार्डनेस त्याच्याच हिशोबात मोजतात) आपण पैसे देऊन आत घेतो. सगळा काही गीझरमध्ये बसत नाही, पण पाणी जितकं कडक तापवाल तितका जास्त बसतो, म्हणून मी आता गीझर ५० च्या वर नेत नाही. शॉवर आणि नळाच्या जाळ्या सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तासभर बुडवते, किराणावाला लिंबूसत्व म्हणून देतो, स्वस्त आहे. संडासचं ॲसिड नळाला लावू नका प्लीज, आम्ही लावलं आणि चकाकी गेली.

गंमत म्हणजे वाघोलीच्या दगडखाणी झिओलाइट आणि त्या निळ्याशार कॅव्हनसाइट खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, आणि रेझिन यायच्या आधी पाणी मऊ करायला झिओलाइटच वापरायचे. दगड आमच्या पायाखाली आणि मिठाची गोणी आणायला आम्हाला ठराव पास करावा लागतो.

असो, गोणी आली. काल परत मोजलं, ३ थेंब. रजिस्टरमध्ये हार्डनेसचा कॉलम मी स्वतः पट्टीने आखून आलेय. फक्त या पाण्यात सोडियम वाढतं आणि आईंना बीपी आहे, त्यामुळे स्वयंपाकाला ते वापरत नाही. डाळीसाठी दर रविवारी कोथरूडहून पाच लिटरचा कॅन येतो, आणि तो आंघोळीच्या बादलीत ओतला म्हणून आमच्या चिरंजीवांनी या आठवड्यात आजीचा ओरडा खाल्लाय.