निर्णय अंतिम, पण कशापुरता? डिचोलीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत उत्तर चुकीचे दिले गेले तर प्रेक्षकाने गप्प बसू नये, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुमचे म्हणणे असे की स्पर्धक नियम मान्य करूनच हॉट सीटवर बसतो आणि पंचांचा निर्णय अंतिम हा त्यातलाच एक नियम. मग घरात सोप्यावर बसलेल्या माणसाला मध्ये तोंड घालायचा हक्क कुठून आला? हातात मोबाईल आल्यापासून जो तो पंडित झाला आहे, असेही तुम्ही म्हणता. तुम्ही स्वतः वर्षानुवर्षे शाळांत प्रश्नमंजुषा घेतल्यात आणि कधी कुणी हरकत घेतली नाही. माझ्यासारख्यांच्या लिखाणाने मात्र मुले मोठ्यांचा शब्द झुगारायला शिकतात. शेवटी तुमचा थेट प्रश्न आहे : "तुम्ही सूत्रसंचालन करता तेव्हा प्रत्येक हरकतीला खेळ थांबवता का?"

आधी जिथे आपले पटते ते सांगतो. खेळ चालू असताना कुणीतरी शेवटचा शब्द बोललाच पाहिजे. तो अधिकार पंचाचा आहे, तो वापरताना पंच चुकला तरीही. घड्याळ थांबवून प्रत्येक गोष्टीचा खल करत बसलो तर प्रश्नमंजुषा दुसऱ्या दिवशीही संपणार नाही. यावर माझे दुमत नाही.

पण निर्णय अंतिम असतो तो गुणांपुरता आणि पैशापुरता. लोकसभेचे कामकाज कशाने सुरू होते, टेनिसचा सेट कसा जिंकतात, गोव्यात तालुके किती, हे पंच ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते आणि पंचाने ते जाणून घ्यायचे असते. तुमच्या प्रतिक्रियेत या दोन्ही गोष्टी एकच धरल्या आहेत. माझा सगळा वाद तेवढ्यापुरताच आहे.

टेनिसचे उदाहरण मुद्दाम दिले, कारण ते खरोखर घडले आहे. 'कौन बनेगा करोडपती' ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून घेतला, त्यात १९९९ मध्ये प्रश्न आला की टेनिसमध्ये एक सेट जिंकायला तत्त्वतः कमीत कमी किती फटके मारावे लागतील. स्पर्धकाने २४ सांगितले आणि कार्यक्रमाने ते बरोबर धरले. वरवर हिशेब जुळतोही : सहा गेम जिंकायचे, प्रत्येक गेमला चार गुण, सहा चोक चोवीस. पण त्या सहांपैकी तीन गेममध्ये सर्व्हिस समोरच्याची असते. त्याने दरवेळी डबल फॉल्ट केला, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकवल्या, तर आपल्याला रॅकेट हलवावीही लागत नाही, गुण आपोआप मिळतात. उरलेल्या तीन गेममध्ये आपण चार-चार एस, म्हणजे समोरच्याला रॅकेटही न लावता येणाऱ्या सर्व्हिस, मारले की झाले. म्हणजे उत्तर १२. कागद घेऊन बसलेल्या कुणालाही हे दोन मिनिटांत दिसते, पण प्रश्न काढणाऱ्याला दिसले नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. ते दाखवून दिले घरी बसलेल्या प्रेक्षकांनी. स्पर्धकाची रक्कम त्याच्याकडेच राहिली, म्हणजे निर्णय अंतिम राहिला. शिवाय खरे उत्तर काय ते जगाला कळले. यात पंचाचा कुठला अपमान झाला, तुम्हीच सांगा.

उलटी बाजूही आहे. २००१ मध्ये याच कार्यक्रमाच्या अमेरिकन आवृत्तीत एका स्पर्धकाला विचारले की पाण्याची गरज भासली की चमकावी यासाठी इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी कोणत्या भाजीत जनुकीय बदल केला. तो टोमॅटो म्हणाला. कार्यक्रमाचे उत्तर बटाटा होते, त्यामुळे तो बाद झाला. नंतर कळले की तसा प्रयोग टोमॅटोवरही झाला होता. मग त्याला परत बोलावून हॉट सीटवर बसवले आणि तो १८ लाख ६० हजार डॉलर जिंकून गेला. हरकत घेणे म्हणजे उद्धटपणा असे मानून तो मुकाट्याने घरी बसला असता तर एका खऱ्या उत्तराची शिक्षा त्याला जन्मभर पुरली असती.

आता आपल्या अंगणात येऊ. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कोण, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल : भाऊसाहेब बांदोडकर. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली. पण तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. गोवा राज्य झाले ३० मे १९८७ रोजी, आणि त्या दिवशी मुख्यमंत्री होते प्रतापसिंग राणे, आपले खाशे. म्हणजे 'गोव्याचे पहिले मुख्यमंत्री' आणि 'गोवा राज्याचे पहिले मुख्यमंत्री' हे दोन वेगळे प्रश्न झाले आणि त्यांची दोन वेगळी उत्तरे झाली.

एका शाळेतल्या आंतरशालेय स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून बसलो होतो. सूत्रसंचालकांनी कार्डावरून वाचले, "गोवा राज्याचे पहिले मुख्यमंत्री कोण?" आठवीतली एक मुलगी उठून शांतपणे म्हणाली, "प्रतापसिंग राणे." "चूक. पास." पुढच्या संघाने बांदोडकर सांगितले, टाळ्या पडल्या, दहा गुण तिकडे गेले. ती मुलगी बसली नव्हती. ती म्हणाली, "सर, तुम्ही राज्य म्हणालात. राज्य ८७ साली झालं." सूत्रसंचालकांनी कार्ड पुन्हा पाहिले. मी पहिल्या रांगेत होतो, त्यांची नजर त्या शब्दावर थांबलेली मला दिसली. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पंचांचा निर्णय अंतिम आहे, बस खाली." ती बसली. तिच्या शेजारच्या मुलाने पुढच्या एकाही प्रश्नाला बझर दाबला नाही.

सर, वर्षानुवर्षांत कुणी हरकत घेतली नाही असे तुम्ही लिहिता तेव्हा मला ती मुलगी दिसते. हरकत आली नाही याचा अर्थ प्रश्न निर्दोष होते असा होत नाही. खाली बस म्हणतात हे मुलांना आधीच माहीत होते, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. तुमच्या प्रश्नांबद्दल मी काही म्हणत नाही, ते मी पाहिलेले नाहीत. पण शांतता हा पुरावा नव्हे. आणि त्या दिवशी त्या मुलांनी शिकलेली गोष्ट मोठ्यांचा शब्द झुगारण्याहून कितीतरी वाईट होती : आपल्याला बरोबर माहीत असले तरी बोलून उपयोग नाही, ही.

मोबाईलवाल्या पंडितांचा तुम्हाला राग येतो, तो मी समजू शकतो. शोधून पहिल्या ओळीत जे दिसले ते घेऊन भांडायला येणारे मलाही भेटतात. पण सगळे तसे नसतात. २०२१ मध्ये केबीसीत विचारले गेले की भारतीय संसदेची बैठक सामान्यतः कशाने सुरू होते. उत्तर धरले होते प्रश्नोत्तराचा तास. एका प्रेक्षकाने जाहीरपणे हरकत घेतली की लोकसभेचे ठीक, पण राज्यसभेत आधी शून्य प्रहर असतो. निर्मात्यांच्या बाजूने खुद्द सिद्धार्थ बसूंनी उत्तर दिले : चूक नाही, दोन्ही सभागृहांच्या पुस्तिका पाहा. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' करणारा, या देशाला टीव्हीवरची प्रश्नमंजुषा शिकवणारा हा माणूस. त्यांचा मला मनापासून आदर आहे. तरीही या बाबतीत मी त्या प्रेक्षकाच्या बाजूने आहे. २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून राज्यसभेचा प्रश्नोत्तराचा तास दुपारी बाराला गेला आहे आणि अकरा वाजता आधी दुसरे कामकाज होते. प्रश्नात 'लोकसभा' शब्द असता तर काही बिघडले नसते. 'संसद' म्हटले की दोन्ही सभागृहे आली. बसूसाहेबांनी त्या प्रेक्षकाला तू कोण विचारणारा असे म्हटले नाही, पुस्तिका दाखवली. हरकत पुराव्याने, उत्तरही पुराव्याने. मला अशी हुज्जत हवी आहे आणि ती घालायला हॉट सीटवर बसलेले असावे लागत नाही.

केबीसीवरूनच २०१९ मध्ये आपल्याकडे जो संताप उसळला तो वेगळ्या जातीचा होता, हेही सांगतो, कारण तुम्ही दोन्हींची सरमिसळ केली आहे. औरंगजेबाच्या समकालीन राज्यकर्त्याच्या प्रश्नात बाकीच्या पर्यायांना महाराणा, महाराजा अशा उपाध्या होत्या आणि आपल्या महाराजांचे नाव मात्र नुसते छापले होते. उत्तरात चूक नव्हती, लिहिण्यात होती. वाहिनीने माफी मागितली. तो विषय आदराचा, मी लिहितो आहे तो अचूकपणाचा. दोन्हीकडे प्रेक्षक बोलले म्हणूनच दखल घेतली गेली, एवढे साम्य आहे.

आता जिथे मी पंचाच्या बाजूने उभा राहतो तेही ऐका. अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत २०१३ साली शाळकरी मुलांच्या फेरीत एका मुलाने अखेरचे उत्तर बरोबर ओळखले, पण लिहिताना मधे एक जादा अक्षर पडले आणि उच्चार बदलला. उत्तर चूक ठरवले. लोक चिडले, लहान मुलावर अन्याय झाला म्हणाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. लेखी उत्तरात स्पेलिंग चुकले तरी चालते, मात्र उच्चार बदलता कामा नये, हा तिथला ठरलेला नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे. मुलाचे वाईट वाटते, पण वाईट वाटणे ही हरकत होत नाही. नियम कडक असणे वेगळे आणि प्रश्न सदोष असणे वेगळे. पहिल्यात प्रेक्षकाने मान्य करावे, दुसऱ्यात बोलावे.

आणि सदोष प्रश्नांची एक मोठी रास जुन्या पुस्तकांतून येते. गोव्यात तालुके किती? जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ११. धारबांदोडा २०११ मध्ये झाला, तेव्हापासून १२. कायद्याने माड हे झाड आहे का? २०१६ मध्ये आपल्या विधानसभेने वृक्षसंरक्षण कायद्यातून त्याला वगळले, २०१७ मध्ये पुन्हा आत घेतले. कोणत्या वर्षीचे पुस्तक उशाला आहे त्यावर उत्तर ठरणार. मागच्या छापील पुस्तकावरून प्रश्न काढणारा खोटारडा नसतो, पण त्याच्या चुकीची किंमत समोर बसलेले पोर मोजते.

ही किंमत किती वाढू शकते ते २०२४ च्या नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, दिसले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन पर्याय बरोबर धरले, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक विधान होते आणि नव्यात ते बदलले होते. चार लाखांहून अधिक मुलांनी जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांकडून मत मागवले, त्यांनी एकच पर्याय बरोबर असल्याचे सांगितले आणि सगळी गुणवत्ता यादी नव्याने लावावी लागली. तिथे कुणी म्हणाले नाही की परीक्षा घेणाऱ्याचा शब्द अंतिम, मुलांनी मुकाट राहावे. उलट एनटीए स्वतःच आधी तात्पुरती उत्तरतालिका लावते आणि प्रश्नामागे २०० रुपये भरून हरकत घ्यायची सोय देते. ज्या देशात परीक्षेच्या उत्तरालाही हरकत घेता येते, तिथे टीव्हीवरच्या उत्तराला घेतली तर संस्कार बुडत नाहीत. टीव्हीवर जे उत्तर बरोबर म्हणून दिले जाते ते त्याच रात्री कितीतरी घरांत वहीत उतरते. जीपीएससीची, म्हणजे गोवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारी मुले आमच्या फोंड्यात हे करताना मी पाहतो. त्या वहीतली चूक कुणी पुसायची?

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, प्रत्येक हरकतीला मी खेळ थांबवत नाही. आमच्याकडे चवथीच्या दिवसांत वाड्यावर प्रश्नमंजुषा असते, तिथली पद्धत सांगतो. प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तर कुठून घेतले ते पुस्तक आणि त्याचे वर्ष लिहिलेले असते. संघाला हरकत असेल तर कप्तानाने चिठ्ठी द्यायची, आरडाओरडा केला तर चिठ्ठी घेतली जात नाही. फेरी संपली की मी आणि दुसरे पंच चिठ्ठ्या पाहतो. दोन्ही उत्तरे टिकत असतील तर दोन्ही संघांना गुण. प्रश्नच मोडका असेल तर तो रद्द करून राखीव कार्ड काढतो. प्रेक्षकांतून कुणी बोलले तर त्यांनाही चिठ्ठीच द्यायला सांगतो आणि ती तशीच वाचतो. बक्षीस वाटून झाल्यावर काही आढळले तर ढाल परत मागत नाही, पण पुढच्या दिवशी आरतीनंतर माईकवरून बरोबर उत्तर सांगतो, कुणाचे म्हणणे खरे होते त्याच्या नावासकट.

यात वेळ जातो हे खरे. मागे एका फेरीत तीन चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या दोन चुकीच्या निघाल्या. त्या दोन्ही मुलांना पुस्तकातले पान उघडून दाखवले, त्यांनी वाचले आणि ती आपापल्या जागी जाऊन बसली. चिठ्ठ्यांसाठी आम्ही वेगळ्या रंगाचा कागद ठेवतो, उत्तराच्या कागदात मिसळू नये म्हणून. तुमच्या स्पर्धेत ही पद्धत वापरून पाहणार असाल तर राखीव कार्डे मात्र भरपूर काढून ठेवा, पहिल्या वर्षी ती कमी पडतात.