आधी सामान, मग अभ्यास

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आला असाल तर एक लक्षात ठेवा, अभ्यासाची घाई करायची नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत टेबल मिळालं, मेस लागली, की तडक अप्पा बळवंत चौक गाठा. गेल्या महिन्यात मी तिथे सात चकरा मारल्या. पुस्तक उघडलं दोनदा, दोन्ही वेळा किंमत बघायला.

सुरुवात पेनांपासून करा. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. 9 पेपर, 1750 गुण. एवढं सगळं हाताने लिहायचं म्हटल्यावर पेन ऐरंगैरं कसं चालेल? (माझी प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, अजून निघालेली नाही, पण पेन आयत्या वेळी घेऊ नये.) आजमितीला माझ्याकडे जेलची सहा पेनं आहेत, चार बॉलपेनं आणि एक शाईचं. शाईचं तर घ्याच. ते भरायचं, निब कोमट पाण्यात धुवायची, मग बोटं साबणाने घासायची, की रविवारची सकाळ सत्कारणी लागते. शिवाय सामान्य ज्ञानही वाढतं. कॅमलिनची सुरुवात दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईपासूनच केली आणि 2011 पासून तिच्यात जपानच्या कोकुयोचा वाटा आहे, हे मी दोनशे पानी रजिस्टरच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईत टिपून ठेवलंय. महिन्याभराची नोट्स म्हणजे तेवढीच. प्रीला गोल काळे करायला मात्र साधं काळं बॉलपेन लागतं. ते माझ्याकडे नेमकं नाही. शेजारच्या टेबलावरून मागून घेईन.

वेळापत्रक चार रंगांत करा. एखादा दिवस बुडाला तर खाडाखोड करत बसू नका, नवा कागद घ्या. माझं पाचवं चाललंय, सोमवारपासून लागू.

संगीताशिवाय एकाग्रता येत नाही असं सगळेच सांगतात. त्यातही सोवळं पाळायचं असेल तर शास्त्रीय ऐका, कारण तिथे वेळेचं बंधन असतं आणि अभ्यासाला त्याचा फार आधार होतो. भैरव पहाटेचा, म्हणजे आपण झोपेत. यमन संध्याकाळचा, त्या वेळी खाली टपरीवर चहा असतो. राहता राहिला मालकंस, तो उत्तररात्रीचा. साडेदहाला टेबलाशी बसून मालकंस लावणं म्हणजे रागाचा अपमान. मी थांबतो. थांबता थांबता डोळा लागतो, पण संस्कृती जपली जाते.

घरून फोन आला तर खरं बोला. परवा आबांनी विचारलं,

"पुस्तकं झाली का सगळी घेऊन?"

"झाली, आबा."

"मग आता वाचायचीच राहिली म्हणायची."

पुढे ते सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले. मी ऐकता ऐकता नव्या हायलायटरचं टोपण उघडून वास घेतला. पिस्ता रंग आहे, पानावर डोळ्यांना त्रास होत नाही.

आता पुस्तकांचं. नवी घेऊ नका, जुनी घ्या. राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक मला अर्ध्या किमतीत मिळालं. आधीच्या मालकाने पहिली दोन प्रकरणं इतकी मनापासून पिवळी केली होती की न रंगवलेली वाक्यंच उठून दिसत. समासात बाण, चौकटी, 'व्हेरी आयएमपी' आणि त्याखाली दोन रेघा. सत्तेचाळीसाव्या पानावर मधल्याच एका वाक्यात पिवळा संपला. पुढे पुस्तक शुभ्र. मी तिथून पिस्त्याने पुढे नेलं. एकोणपन्नासाव्या पानापर्यंत.

महिनाअखेरीस मेसचे पैसे कमी पडले तेव्हा ते पुस्तक घेऊन पुन्हा चौकात गेलो. दुकानदाराने अंगठ्याने पानं फर्रकन सोडली, पिवळा संपून पिस्ता लागला तिथे क्षणभर थांबला, मग शेवटपर्यंत गेला.

"दोघांनी मिळून चांगलं ठेवलंय," तो म्हणाला. "पुढचं सगळं कोरंय. जाईल लगेच."

दोनशे रुपये हातात आले. मेसवाल्या काकूंना म्हटलं, एक तारखेला देतो. समोरच्या दुकानात फिक्या निळ्याची नवी पेटी लागली होती.