‘दुखण्यात जिरणारी’ गोळी

एक मजकूर सध्या फिरतोय: “डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचं व्यसन लागत नाही. दुखणं खरं असेल तर औषध दुखण्यातच जिरतं. नादी लागतात ते चोरट्या बाजारातून आणणारे.” वाक्यं तीन आणि तिन्ही चुकीची.

आधी ते ‘जिरणं’. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, ट्रामाडोल ही वेदनाशामकं मेंदूवर काम करतात आणि दुखणं खरं की खोटं हे मेंदूतले रिसेप्टर (औषध जिथे चिकटतं त्या जागा) विचारत बसत नाहीत. काही आठवडे रोज घेतल्यावर तेवढ्या गोळीने भागेनासं होतं. एकदम थांबवली की नाक गळतं, जुलाब लागतात, झोप उडते. ही शरीराला जडलेली सवय. व्यसन याच्या पुढचं: नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. सवय जडलेल्या प्रत्येकाचं तसं होत नाही. पण दुखणं खरं असलं म्हणून कुणी सुटतो असंही नाही.

‘व्यसन लागत नाही’ हे आलं कुठून? बरंचसं एका पत्रातून. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: असं औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण, व्यसन फक्त चौघांना. पण हे सगळे रुग्णालयात दाखल असलेले. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नाही. तरी पुढे वर्षानुवर्षं त्याचा दाखला दिला गेला. ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे पर्ड्यू या औषध कंपनीची ऑक्सिकोडोनची हळूहळू झिरपणारी गोळी, बाजारात आली १९९६ साली. तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू समूहातल्या कंपनीने अमेरिकेत २००७ साली कबूल केला.

राहिला चोरटा बाजार. तो आहेच. पण अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत गैरवापर करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गोळी मिळवली ती मित्र-नातेवाइकांकडून, नाहीतर डॉक्टरकडूनच. दाढ काढल्यावर वीस गोळ्या मिळाल्या, सहा लागल्या, चौदा खणात पडल्या. कुणाची पाठ धरली की त्यातल्या दोन मायेने हातावर ठेवल्या जातात. बारा तासांत हळूहळू झिरपणारी गोळी कुणी चुरून घेतली, तर सगळा डोस एकदम रक्तात उतरतो आणि श्वास मंदावतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर तो थांबूही शकतो. चिठ्ठी खरी होती की नाही, याने इथे काही फरक पडत नाही.

आणि हो, हे वाचून कुणी कर्करोगाच्या रुग्णाचं मॉर्फिन बंद करायला निघू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि योग्यच आहे.