चाल : ओळखीची

परवा माळा साफ करताना आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी भीमगीतांची एक चोपडी होती. सोळा पानं, मध्ये दोन पिना, पिनांचा गंज कागदात उतरलेला. आजोबा दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे आणि येताना पिशवीभर पुस्तकं आणायचे, त्यातलीच ही असणार. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक ओळ, ‘चाल :’ आणि पुढे एखाद्या हिंदी पिक्चरच्या गाण्याचे पहिले चार शब्द. बस्स. ना स्वरलिपी, ना ताल. चाल तुम्हाला येतेच, हे छापणाऱ्याने धरून चाललेलं.

ती ओळ बघून मला लंडन आठवलं. (गेलेलो नाही कधी. वाचून आठवलं म्हणा.) गेले काही महिने मला इंग्लंडमधल्या ‘ब्रॉडसाइड बॅलड’चं वेड लागलंय. एकाच बाजूने छापलेला मोठा कागद, वर लाकडी ठशाचं चित्र, खाली कवन. सोळाव्या शतकापासून हे कागद रस्त्यावर, जत्रेत, दारूच्या गुत्त्यांत विकले जायचे, किंमत पेनी-अर्धा पेनी. आणि नावाखाली हमखास ‘अमुक गाण्याच्या चालीवर’! ‘फॉर्च्यून माय फो’ नावाची एक चाल तर खून आणि फाशीच्या गाण्यांना इतकी वापरली गेली, की तिचं नावच फाशीची चाल पडलं. कागद विकणारा स्वतः गाऊन दाखवायचा. ज्याला वाचता येत नव्हतं तोही चाल ऐकून घरी न्यायचा आणि कागद भिंतीवर चिकटवायचा.

या धंद्यातला माझा आवडता माणूस जेम्स कॅटनॅक. गावाकडच्या छापखानेवाल्याचा मुलगा. १८१३ साली त्याने लंडनच्या सेव्हन डायल्स या गरीब वस्तीत छापखाना टाकला. जवळच जॉन पिट्सचा छापखाना होता आणि दोघांचं अजिबात पटत नसे. १८१८ मध्ये कॅटनॅकने एक खाटीक माणसाच्या मांसाचे सॉसेज विकतो अशी कंडी छापली आणि सहा महिने तुरुंगात गेला. सुटला आणि पुन्हा छपाईचे खिळे जुळवायला बसला. फेरीवाले त्याला सगळे पैसे तांब्याच्या नाण्यांत आणून द्यायचे. त्या नाण्यांतून तापाची साथ येईल या भीतीने तो ती पोटॅश आणि व्हिनेगरमध्ये उकळून घ्यायचा म्हणे. खोटी निघालेली नाणी त्याने स्वयंपाकघराच्या जमिनीत बसवून टाकली, अशीही एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात.

१८२८ मध्ये विल्यम कॉर्डरला मारिया मार्टेनच्या खुनाबद्दल फाशी झाली. त्याच्या ‘शेवटच्या कबुलीजबाबा’च्या ११ लाखांवर प्रती कॅटनॅकने खपवल्या असं सांगतात. पुढे १८४९ मधल्या रश आणि मॅनिंग नवरा-बायको या दोन खून खटल्यांचे कागद प्रत्येकी २५ लाख खपले, असा आकडा हेन्री मेह्यू या पत्रकाराने नोंदवलाय. धंद्यातल्यांनी सांगितलेला आकडा, तेव्हा त्यातले चार आणे वजा करा. तरी उरतात किती बघा! आणि हे ‘शेवटचे शब्द’ छापून तयार असायचे फाशीच्या आधीच. माणूस जिवंत आणि त्याचा पश्चात्ताप यमकात बसवून गर्दीत विकायला आलेला. वरचं लटकलेल्या माणसाचं चित्रही जुनंच, दर फाशीला पुन्हा तोच ठसा. कवीला एका गाण्याचा मिळायचा एक शिलिंग.

मेह्यूने या फेरीवाल्यांशी बसून गप्पा मारल्यात, म्हणून त्यांची भाषाही आपल्यापर्यंत पोचली. पिकवलेल्या बातमीला ते ‘कॉक’ म्हणत. कुणी उंच काठीला गाण्यांचे लांबच लांब कागद लावून ओरडत फिरायचा, ‘पेनीला तीन वार!’ गाणी वारावर, मांजरपाटासारखी. मला हे फार आवडतं.

पुढे १८५५ मध्ये वर्तमानपत्रावरचा स्टॅम्प कर गेला, १८६१ मध्ये कागदावरचा कर गेला, पेनीत रोजचा पेपर मिळू लागला. १८६८ मध्ये चव्हाट्यावरच्या फाश्या बंद झाल्या. धंदा बसला.

आता माझं म्हणणं. शिकल्यासवरल्या लोकांनी या कागदांना कायम नाक मुरडलं. हार्वर्डचा प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड, ज्याने ३०५ बॅलड्स, म्हणजे गोष्ट सांगणारी लोकगीतं, जमवून अजरामर केली, तोही या छापील संग्रहांना उकिरडा म्हणाला. गंमत म्हणजे त्याच्या ३०५ मधली कितीतरी गाणी याच उकिरड्यातून उचललेली. आणि हा उकिरडा टिकला कुणामुळे? सॅम्युअल पेप्ससारख्या छांदिष्ट माणसामुळे. आरमाराच्या खात्यातला हा बडा अधिकारी. त्याने १,८०० हून जास्त कागद जमवले, विषयवार लावले आणि पाच खंडांत बांधून घेतले. ते आजही केंब्रिजला त्याच्या कॉलेजात आहेत. ज्या कागदात दुसऱ्या दिवशी लोणी गुंडाळायचं, तो त्याने जपून ठेवला.

आपल्याकडे? आजोबांची ही चोपडी आणि आणखी तीसेक, पोवाडे, लावण्या, जत्रेतली देवीची गाणी, असं सगळं घेऊन मी एका मोठ्या ग्रंथालयात गेलो होतो. फुकट देतो म्हटलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी दोन चोपड्या चाळल्या, कणा नाही, प्रकाशनवर्ष नाही, नोंद कशी करायची म्हणाले. “पुस्तक असेल तर आणा.” वाईट बोलले नाहीत, चहाही विचारला. पण दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी हजारो माणसं खिशातले पैसे मोजून जे वाचायला घेतात, त्याला जर नोंदवहीत रकाना नसेल, तर चूक रकान्याची आहे. चोपडीची नाही. मी अजूनही तिथे भांडायला हवं होतं असं वाटतं.

पिशवी तशीच घरी आणली. आत्या भाजी निवडत होती. चष्मा जवळ नव्हता, म्हणून तिने चोपडी हातात घेतली नाही, नुसतं विचारलं, “चाल काय दिलीये रे?” मी पिक्चरचं गाणं सांगितलं. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मी एकेक ओळ सांगत गेलो तशी गायला लागली. तिसऱ्या ओळीत दोन अक्षरं जास्त होती. तिने न अडखळता ती चालीत कोंबली आणि म्हणाली, “तुझे आजोबा इथे हात वर करायचे.”