सलूनचं शटर उघडलं, आपलं मागचं दार कधी उघडायचं?

आज २८ जून २०२०. सकाळी सात वाजता कोपऱ्यावरच्या सलूनचं शटर वर गेलं. तो खर्रर्र आवाज इतका ओळखीचा, की हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून मी ओट्यावर आले. बघते तर समोरच्या, शेजारच्या, सगळ्याच घरांतून कोणी ना कोणी बाहेर आलेलं. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला खाली ओढलेलं शटर आज ९८ दिवसांनी उघडलं. सलूनवाल्या दादांनी आधी दुकान झाडलं, खुर्ची पुसली, आरशाला हार घातला, उदबत्ती लावली आणि पायरीवर नारळ फोडला. बाहेर खडूने तीन गोल काढले. दारावर पाटी: फक्त कटिंग, दाढी नाही, टॉवेल घरून आणा.

माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. वीस वर्षं दर दोन दिवसांआड याच खुर्चीवर त्यांची दाढी झाली. आज दाढीची परवानगी नाही आणि त्यांच्या वयाला दुकानात जायचीही नाही. तरी स्वच्छ पायजमा-सदरा घालून ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले. रस्त्याच्या पलीकडून दादा कात्री चालवता चालवता ओरडून बोलत होते आणि हे इकडून ओरडून उत्तर देत होते. पाऊस कसा, कपाशी किती लागली, गावाकडचे कोण गेले. अर्ध्या तासाने आत आले आणि म्हणाले, "आता चहा ठेव." गेल्या तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून कधी काही मागितलं नव्हतं. मला वाटतं दाढीपेक्षा त्यांना ते बोलणंच हवं होतं.

मी जळगावला पिंप्राळ्याच्या बाजूला राहते. रो-हाऊसची कॉलनी आहे. पुढे छोटा ओटा, मागे धुण्या-भांड्याची मोरी आणि तिला वेगळं दार. १९ मेच्या आदेशात धुळे आणि जळगाव या आपल्या दोन्ही महापालिका रेड झोनमध्ये होत्या, त्यामुळे बाकीच्या जिल्ह्यांत एसटी सुरू झाली तरी आपण दारातच होतो. मग 'मिशन बिगिन अगेन' आलं आणि सगळं तुकड्या-तुकड्याने उघडत गेलं. ३ जूनला फिरायची परवानगी, ५ जूनला एक दिवस या बाजूची दुकानं आणि एक दिवस त्या बाजूची, ८ जूनला खासगी ऑफिसं, आणि आज कटिंग. यातला प्रत्येक दिवस मला त्या दिवशी रस्त्यावर काय दिसलं त्यावरून आठवतोय.

३ जूनला कोकणात निसर्ग वादळ आलं होतं, आपल्याकडे नुसतं आभाळ भरून आलेलं. मेभर ४४-४५ अंशांत भाजलेली कॉलनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पायी बाहेर पडली. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. तोंडाला रुमाल, मास्क, ओढण्या, चालण्यावरून ओळखायचं. मागच्या गल्लीतल्या वहिनी केवढ्या वाळल्यात! एकाने लॉकडाऊनमध्ये दाढी वाढवली ती पांढरी निघाली. थांबून बोलावं की पुढे जावं हे कोणालाच कळेना, म्हणून सगळे हात वर करून नुसते हसत होते. मास्कच्या आत हसलेलं डोळ्यांत दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दारात केळी, भेंडी आणि गिलक्यांनी भरलेली रिक्षा थांबली. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वाकून बघितलं, तर मुलाला शाळेत नेणारे रिक्षावाले काका. पाच वर्षं माझं पोरगं यांच्या भरवशावर शाळेत गेलं. शाळा १५ जूनपासून ऑनलाइन सुरू झाली, पण ऑनलाइन शाळेला रिक्षा लागत नाही. काकांनी मागची सीट काढून तिथे क्रेट ठेवलेत. मुलगा धावत बाहेर गेला आणि सवयीने रिक्षात चढायला लागला. काकांनी त्याला हाताने अडवलं, "लांबून रे बेटा," म्हणाले आणि एक केळं काढून दिलं. पैसे घ्यायला तयार होईनात. मी बळेच दिले. त्या दिवसापासून भाजी मी त्यांच्याकडूनच घेते.

हे सगळं सांगतेय ते एका गोष्टीवर यायला. ती सांगणं मला अवघड जातंय, म्हणून वेळ लागला.

आमच्याकडे मावशी येतात. धुणं-भांडी, फरशी. अकरा वर्षं झाली. कॉलनीत त्यांची पाच घरं होती. राहायला जवळच्याच वस्तीत. घरधनी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. चटईचे कारखाने बंद पडले आणि मावशींची घरंही त्याच आठवड्यात बंद झाली. म्हणजे एकाच घरातल्या दोन्ही चुली... चूल एकच, पण तिच्यात घालायचं दोन्ही बाजूंनी थांबलं. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला, तो आधार झालाच. पण खान्देशातलं कष्टाचं घर भातावर भागत नाही. कळण्याची भाकरी लागते, तेल-तिखट लागतं, गॅस लागतो, आजारी माणसाच्या गोळ्या लागतात.

मार्चच्या शेवटी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलं की बाहेरचं कोणी आत येऊ द्यायचं नाही. मीही अंगठ्याचं चिन्ह टाकून होकार दिला होता. तेव्हा ते बरोबरच होतं, आणि तेव्हाच्या माझ्या अंगठ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आपल्या जिल्ह्यात माणसं ज्या वेगाने गेली त्याची भीती अजून माझ्या पोटात आहे. माझे मिस्टर भुसावळला अपडाऊन करतात, आता मोटरसायकलवर. ते रोज घरी आले की अंघोळ होईपर्यंत मी श्वास धरून असते. भीती खोटी आहे असं मी कोणालाही म्हणणार नाही.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

३ जूनपासून प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला परवानगी मिळाली. दुसऱ्याच दिवशी आमच्या ओळीतल्या तीन घरांत प्लंबर येऊन गेला. आमच्याकडेही आला, टाकीचा कॉक गळत होता. स्वयंपाकघरात उभा राहिला, सिंकखाली बसला, पाणी प्याला. कोणी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. मग कुलर दुरुस्तीवाला आला. मग गॅसची शेगडी दुरुस्त करणारा. कपाटावाला मोजमाप घ्यायला बेडरूमपर्यंत गेला. आणि १० तारखेला एका घराने विचारलं, धुण्या-भांड्याच्या बाया बोलवायच्या का? तर उत्तरं आली: नको, वस्तीतून येतात. चार घरी जातात. अजून महिनाभर थांबू.

प्लंबर किती घरी जातो? तो कुठे राहतो? हे आपण कोणी विचारलं नाही. मीही नाही. कारण नळ गळत होता आणि तो आपल्याला दुरुस्त करता येत नव्हता. भांडी मात्र आपण घासू शकत होतो, म्हणून मावशी थांबू शकत होत्या. जिच्यावाचून आपलं भागतं तिच्यासाठी रोगाची भीती जास्त, आणि ज्याच्यावाचून अडतं त्याच्यासाठी कमी. रोगाला हे कसं कळणार?

यंदाची उन्हाळकामं मी एकटीने केली. दरवर्षी चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर मावशी आणि त्यांच्यासोबतच्या तिघी-चौघी येतात. पहाटे कुरडयांचा चीक शिजतो. वाटीत गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट, हे खायला सगळ्या ओळीतली पोरं डोळे चोळत गच्चीवर हजर. मग बिबडे, मग उडदाचे पापड. कोणाची पोळपाट-लाटणी, कोणाच्या खाटा, कोणाच्या जुन्या साड्या. लाटणाऱ्या बायकांना किलोमागे पैसे मिळतात आणि त्या चार-सहा आठवड्यांच्या पैशांवर जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. मावशीच एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. यंदा मी दोन किलोचे बिबडे केले, तेही उगाच, सवयीने. पापड केलेच नाहीत. गच्चीवर दुपारी चिमण्या येऊन खाटेभोवती फिरत होत्या, आणि हाकलायला एकही पोरगं नव्हतं. बाकी महिन्यांत आपण मावशींच्या कामाचे पैसे देतो म्हणून हिशोब नीट राहतो. पण या लाटण्याच्या पैशांचं काय, ते तर कोणाच्याच हिशोबात नव्हते.

आणि महिन्याच्या पैशांचंही खरं सांगते. एप्रिलचे पूर्ण दिले. मेचे अर्धे दिले. त्यांनी मागितले नाहीत, म्हणून जूनचे अजून दिले नव्हते. आमचा पगार या तीन महिन्यांत बँकेत पूर्ण जमा झालाय. पाचपैकी दोनच घरांनी काही दिलं, हे मला नंतर कळलं, आणि आपण त्या दोनांत आहोत याचं मला क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटणंच मला आता टोचतंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, २६ एप्रिलला, मी माहेरी शिरपूरला जाऊ शकले नाही. दुसरा जिल्हा, पास लागतो. व्हिडिओ कॉलवर आईने घागर दाखवली, खरबूज दाखवलं, अंगणातल्या निंबाला बांधलेला रिकामा झोका दाखवला. मी रडले. संध्याकाळी मावशींचा फोन आला. आखाजीला दरवर्षी पुरणपोळीचं ताट त्यांना इथून जातं, यंदा गेलं नव्हतं. मला वाटलं त्यासाठी असेल. त्या म्हणाल्या, "ताई, माहेरले गयात नही ना? म्हनं एकला वाटत व्हई, म्हनीसन फोन कया." मी काय बोलले आठवत नाही. एवढंच आठवतं की फोन त्यांनी केला होता, मी नाही.

काल शनिवारी बाजारातून येताना त्या रस्त्यात भेटल्या. पदर नाकावर धरलेला. मला बघून त्याच चार हात लांब सरकल्या. मला भीती वाटायला नको म्हणून. मी विचारलं, कशा आहात? "चांगली शे," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सलूनवालाले परवानगी मिळनी म्हने." बस, एवढंच. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो प्रश्न रात्रभर माझ्याकडे होता. आणि आज सकाळी शटरचा आवाज ऐकून मी ओट्यावर आले तेव्हाही तोच होता.

कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणींनो, वहिनींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. ज्यांच्या घरात ऐंशीचं माणूस आहे, बाळंतीण आहे, किमो चालू आहे, त्यांनी थांबावंच. पण थांबायचं असेल तर पैसे द्यावेत, पूर्ण, सुट्टी आपण दिली म्हणून. बाकीच्यांच्या घरांची रचना बघा. मागचं दार वेगळं आहे. मोरी उघड्यावर आहे. तिथे साबण ठेवता येतो, दोन कापडी मास्क शिवून देता येतात, त्या काम करताना आपण आत राहू शकतो. घरात फरशी आपण पुसू. प्लंबरला जे नियम आपण लावले नाहीत ते मावशींना लावा, हरकत नाही, नियम असलेले चांगलेच. पण दार उघडा. आणि त्यांच्या घरी कोणाला ताप आला तर त्यांना ते लपवावं लागू नये, पैसे कापले जाणार नाहीत हे आधीच सांगा. माझ्या मते रोग सगळ्यात जास्त त्याच लपवण्यातून पसरतो.

बुधवारी आषाढी आहे. पिंप्राळ्याचा रथ दरवर्षी या दिवशी ओढतात, सगळी कॉलनी रस्त्यावर असते, मावशी पोरांना घेऊन आमच्याच ओट्यावर थांबतात. यंदा तशी गर्दी होणार नाही. मुक्ताईच्या पादुकाही बसने पंढरपूरला जाणार. मोठं काही उघडायला अजून वेळ आहे आणि जळगावचे आकडे बघता पुन्हा बंदही होईल, कोण सांगावं. म्हणूनच मला थांबायचं नाहीये.

दुपारी मी मावशींना फोन केला. मेचे राहिलेले अर्धे आणि जूनचे पूर्ण पैसे काढून ठेवलेत म्हणून सांगितलं. उद्यापासून मागच्या दाराने या म्हटलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "ग्रुपवरना लोके काही म्हनतीन का तुम्हले?"

म्हटलं, म्हणू दे. म्हणूनच ही पोस्ट ग्रुपवरही टाकतेय. ज्यांना माझं पटत नसेल त्यांनी घरी या, ओट्यावर दोन खुर्च्या लांब लांब टाकून बोलू.

उद्या नळ येणार आहे. सकाळी लवकर यायला सांगितलंय त्यांना, पाणी असतानाच धुणं उरकेल.