पाणी तुंबलं, पण माणसं कुठे होती?

२६ जुलै जवळ आली की टोकियोत बसून मी मुंबईच्या बातम्या वाचते. नालेसफाई किती झाली, मिठी नदीतला गाळ खरंच काढला का, पंप का बंद पडले? प्रश्न रास्तच आहेत. पण २००५ च्या त्या मंगळवारी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता: बाबा कुठे आहेत?

ते फोर्टहून निघाले, पण कलिन्याला पोचलेच नाहीत. वीज नाही, मोबाइल लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी दादा चिखल तुडवत तीन इस्पितळं फिरला. एका ठिकाणी यादी म्हणजे भिंतीला चिकटवलेला ओला कागद. शाई पसरून आडनावं गेलेली. "आत जाऊन बघा," एवढंच उत्तर. आत म्हणजे शवागारात. दादा त्याबद्दल आजही बोलत नाही.

त्या वेळी बाबा कुर्ल्याच्या एका चाळीत, अनोळखी घरात, त्या घरातल्यांचीच कोरडी लुंगी नेसून पिठलं-भात जेवत होते. संध्याकाळी चपला हातात घेऊन घरी आले.

इतक्या चटकन दार उघडणारी माणसं मला इथे टोकियोत भेटलेली नाहीत. पण इथे १७१ आहे, आपत्तीत निरोप ठेवायचा फोन नंबर. १९९५ च्या कोबे भूकंपात फोन कोलमडले, त्यातून १९९८ मध्ये ही सेवा निघाली. १७१ फिरवायचा, आपला नंबर द्यायचा, ३० सेकंदांत निरोप ठेवायचा. घरचे तोच नंबर देऊन तो ऐकतात. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सराव करता येतो. माझी मुलगी मराठीतच बोलते, "आई, मी शाळेत आहे, मला काही झालं नाही."

२०११ च्या त्सुनामीनंतर निवाऱ्यांमधल्या हाती लिहिलेल्या याद्यांचे फोटो काढून स्वयंसेवकांनी त्यातली नावं गूगलच्या पर्सन फाइंडरवर, म्हणजे बेपत्ता माणसं शोधायच्या संकेतस्थळावर, चढवली. तरी अडीच हजारांवर माणसं अजून सापडलेली नाहीत, हेही खरं.

मुंबईत महापालिकेचा १९१६ आहे. झाड पडलं, पाणी भरलं की आपण तो फिरवतो. त्यावर "मी सुखरूप आहे" हेही नोंदवता यावं. इस्पितळं, निवाऱ्याच्या शाळा, पोलीस ठाणी यांची यादी एकच असावी. आणि फोन बंद पडले तर? गल्लीगल्लीत गणेश मंडळं आहेत, घराघरांतली माणसं ओळखणारी. पावसाळ्याआधी त्या पोरांना हे काम शिकवा. चाळीत अडकलेल्यांची नावं वहीत लिहून चौकीपर्यंत नेणारं कुणी तेव्हा असतं, तर दादाला ते दार ढकलावं लागलं नसतं.