डुकराचं शेवटचं अर्धं मिनिट

मार्च 2025 मध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी 'मल्हार सर्टिफिकेट' आलं आणि हलाल की झटका यावर रान पेटलं. ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवायचा आदेश काढला, तेव्हा पुन्हा तेच. मी डेन्मार्कमधून हे सगळं वाचत होतो. कापणारा कोण, खाणारा कोण, कुठल्या दिवशी, यावर तावातावाने लिहिलं गेलं. जनावराला त्या क्षणी काय होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

इथेही फार वेगळं नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये डेन्मार्कने बेशुद्ध न करता होणाऱ्या धार्मिक कत्तलीवर बंदी घातली. तेव्हाचे मंत्री डान यॉर्गेन्सन यांनी प्राण्यांचा हक्क धर्माच्या आधी येतो अशी भूमिका घेतली. त्या वादातही मुसलमान आणि ज्यू समाजाबद्दल भरपूर बोललं गेलं. पण या देशात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, आणि ती बहुतेक सगळी ज्या पद्धतीने बेशुद्ध केली जातात ती पद्धत चर्चेत जवळजवळ आलीच नाही.

ती पद्धत म्हणजे कार्बन डायऑक्साइड. डुकरांचा छोटा कळप एका पाळण्यात ढकलतात आणि तो पाळणा खोल खड्ड्यात उतरतो. तळाशी हा वायू ऐंशी-नव्वद टक्के असतो. नाका-घशातल्या ओलाव्यात तो विरघळला की आम्ल तयार होतं आणि आग होते. शिवाय गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यतः याच वायूमुळे होते, त्यामुळे शुद्ध जाईपर्यंतचा वेळ, साधारण अर्धं मिनिट, डुक्कर धापा टाकतं, किंचाळतं, वर चढायला बघतं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलचे संशोधक मोहन राज आणि नेव्हिल ग्रेगरी यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकरांपुढे सफरचंद ठेवलं होतं. आर्गॉन वायू भरलेल्या पेटीत ती पुन्हा पुन्हा तोंड घालत होती. कार्बन डायऑक्साइडच्या पेटीकडे मात्र दिवसभर उपाशी ठेवूनही बहुतेक डुकरं वळली नाहीत. जनावराचं मत याहून स्पष्ट कसं कळणार?

मग ही पद्धत टिकली का? तिच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. डुक्कर कळपात शांत असतं. डोक्यातून विजेचा प्रवाह सोडून बेशुद्ध करणाऱ्या चिमट्यासाठी त्याला एकटं काढावं लागतं, अरुंद गल्लीतून हाकावं लागतं, आणि त्यात हाल होतात. खड्ड्यापर्यंतचा प्रवास खरोखरच सौम्य असतो. पण खरं कारण पैशांच्या हिशोबात आहे. 2003 मध्ये ब्रिटनच्या सरकारी सल्लागार परिषदेने ही पद्धत पाच वर्षांत बंद करा असं सांगितलं होतं. युरोपियन युनियनच्या 2009 च्या नियमावलीच्या प्रस्तावनेत तर सरळ लिहिलं आहे की हा वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस आर्थिकदृष्ट्या परवडणारी नसल्यामुळे घेतलेली नाही. पर्याय म्हणून आर्गॉन घ्यावा, तर तो हवेत एक टक्काही नाही, म्हणून महाग, आणि त्याला वेळही जास्त लागतो. नायट्रोजन हवेपेक्षा हलका, खड्ड्यात टिकत नाही. दरम्यान यंत्रं बसली, कारखाने त्यांच्याभोवती बांधले गेले, आणि विज्ञानाला उशीर झाला.

भारतात डुकरं संख्येने कमी आहेत, 2019 च्या पशुगणनेत सुमारे 90 लाख, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास ईशान्येत. अनेक ठिकाणी डुकराला पाय बांधून, पूर्ण शुद्धीत, छातीत सुरा किंवा सळई खुपसून मारतात. हे अर्ध्या मिनिटापेक्षा भयंकर आहे, त्यात शंका नाही. कायदा याबाबत गप्पही नाही. कत्तलखान्यांचे 2001 चे नियम सांगतात की एका जनावराला दुसऱ्याच्या नजरेसमोर मारू नये, आणि बेशुद्ध करण्यासाठी वेगळी जागा शक्य तितक्या लवकर करावी. त्या 'शक्य तितक्या लवकर'ला दोन तपं उलटून गेली.

म्हणून युरोपातून काही आणायचंच असेल तर खड्डा आणू नका, असं मला कळकळीने वाटतं. आपल्या संख्येला विजेचा चिमटा पुरेसा आहे. तो डोळा आणि कान यांच्यामध्ये, मेंदू मधे येईल असा दोन्ही बाजूंनी धरायचा. किमान 1.3 अँपिअर प्रवाह मेंदूतून गेला तर सेकंदाच्या आत शुद्ध हरपते. पण ती परत येते, म्हणून पंधरा सेकंदांच्या आत छातीजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत. चिमटा चुकीच्या जागी बसला तर तो नुसता शॉक, आणि जनावराला तो पूर्ण जाणवतो. सगळी मदार हातावर आहे.

त्यामुळे पालिकेच्या निविदेत यंत्राच्या किमतीइतकंच महत्त्व माणसाच्या प्रशिक्षणाला हवं. प्रवाह मोजून नोंदवणारा मीटर हवा, चिमटा फसला तर हाताशी दुसरा हवा, आणि डुक्कर पुन्हा लयीत श्वास घेतंय का, पापणी हलवतंय का हे बघून काम थांबवायचा अधिकार असलेला पशुवैद्यक तिथे उभा हवा. हे काम करणारा माणूस बहुतेकदा समाजाने कायम दूर ठेवलेल्या जातीतला असतो. त्याला हातमोजे, पगार आणि शिक्षण न देता त्याच्याकडून दयेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मल्हारवर जितके लेख आले त्यांतला एक जरी या माणसाबद्दल आणि त्याच्या हातातल्या चिमट्याबद्दल आला असता, तर तो मी इथल्या प्रत्येक मराठी घरी पाठवला असता.